कानाचा वारसा

वारसा हा शब्द ऐकला की घर, शेत, दागिने, देव्हाऱ्यातील जुन्या मूर्ती किंवा आजीच्या हातची भांडी डोळ्यांसमोर येतात. अशा वस्तूंची वाटणी करता येते. त्यांची नोंद कागदावर होते, प्रसंगी त्यांवरून भांडणेही होतात. परंतु काही घराण्यांत एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जे सोपवले जाते, त्याची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही. ते तिजोरीत ठेवता येत नाही आणि मृत्युपत्रात लिहिता येत नाही. महाराष्ट्रातील मिरज या गावी तंबोरे व सतारी घडवणारी अशी घराणी आहेत. त्यांच्या परंपरेचा परिचय प्रस्तुत पाठात करून घ्यायचा आहे.

शिकलगार ते सतारमेकर

मिरज हे सांगली जिल्ह्यातील गाव. कर्नाटकाची सीमा येथून जवळ आहे. पुणे, कोल्हापूर, सोलापूर आणि बेळगाव या दिशांना जाणारे लोहमार्ग येथे एकत्र येत असल्याने रेल्वेने प्रवास करणाऱ्या अनेकांना हे नाव परिचित असते. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील रुग्णांना ते येथील रुग्णालयांमुळे ठाऊक आहे. भारतभरच्या गायक-वादकांना मात्र मिरज म्हटले की तंबोराच आठवतो.

या कामाची सुरुवात ज्या घराण्यात झाली, ते मुळात वाद्ये बनवणारे नव्हतेच. ते शिकलगार होते. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणे, त्यांवरील गंज काढून त्या लखलखीत करणे, त्यांची दुरुस्ती करणे हा शिकलगारांचा पिढीजात व्यवसाय. मिरज हे पटवर्धन सरदारांचे ठाणे असल्याने तेथे अशा कारागिरांना काम होते. १८१८ मध्ये पेशवाई संपली. लढाया थांबल्या, फौजा कमी झाल्या आणि शस्त्रांची मागणी ओसरत गेली. पुढे १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्याने तर सर्वसामान्य माणसाच्या हातात हत्यार राहणेच दुरापास्त झाले. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले कौशल्य हाताशी आहे, परंतु त्याचा ग्राहकच उरलेला नाही, अशी अवस्था त्या घरांवर आली.

त्याच सुमारास मिरजेच्या संस्थानात संगीताला चांगले दिवस आले होते. संस्थानिकांच्या आश्रयाला गायक येत, आणि त्यांच्याबरोबर त्यांची वाद्येही येत. दूरच्या प्रवासात भोपळ्याला तडा जाई, दांडी वाकडी होई, खुंट्या सैल पडत. ही वाद्ये दुरुस्त करणारे कोणी जवळपास नव्हते. तेव्हा फरीदसाहेब शिकलगार या कारागिराने हे काम हाती घेतले, असे मिरजेत सांगितले जाते. हा काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. प्रथम दुरुस्ती, मग दुरुस्तीसाठी उकललेल्या वाद्यावरून त्याच्या रचनेचा अभ्यास आणि अखेरीस नवे वाद्य घडवणे, असा हा प्रवास झाला. राजाश्रयामुळे त्याला स्थैर्य मिळाले. हळूहळू घराण्याचे आडनावही बदलले. शिकलगार म्हणून ओळखली जाणारी घरे सतारमेकर झाली, आणि त्यांची वस्ती असलेला रस्ता सतारमेकर गल्ली या नावाने प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आज आपण ज्याला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा म्हणतो, तिचा आरंभ एका जुन्या परंपरेचा त्याग करून झाला. वडिलांचा व्यवसाय सोडणारा माणूस पुढच्या सहा-सात पिढ्यांचा मूळपुरुष ठरला. त्याने सगळेच सोडले असेही नाही. कानस कशी धरावी, धातूवरून आणि लाकडावरून हात किती हलका फिरवावा, पृष्ठभागावरील केसाएवढा उंचवटा बोटाला कसा कळावा, हे सारे शिकलगाराच्या हातातच होते. तलवारीच्या पात्यावरचे ते ज्ञान तंबोऱ्याच्या घोडीवर उतरले. आडनाव बदलले तरी हात तोच राहिला.

गायकांचे गाव

वाद्य बनवणाऱ्याला पारखी ग्राहक लाभला नाही, तर त्याची कला वाढत नाही. मिरजेच्या कारागिरांना या बाबतीत मोठे भाग्य लाभले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहत असत. त्यांच्याकडेच विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. या पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना करून संगीतशिक्षणाचे दार सामान्य माणसासाठी उघडले. संगीत विद्यालये निघू लागली तशी तंबोऱ्यांची मागणीही वाढली. शिवाय १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'पासून मराठी संगीत नाटकांचा बहर सुरू झाला होता. नाटक मंडळ्या गावोगाव फिरत आणि सांगली-मिरज भागात त्यांचा मुक्काम हमखास पडे.

या सर्वांत मिरजेशी अधिक जवळचे नाते जडले ते उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे. ते मूळचे उत्तर प्रदेशातील कैराना या गावचे. त्या गावाच्या नावावरूनच त्यांच्या गायकीला किराणा घराणे म्हणतात. उत्तरायुष्यात खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. सुराच्या शुद्धतेविषयी त्यांचा आग्रह इतका सूक्ष्म होता, की कृ. ब. देवल यांनी श्रुतींचे संशोधन केले तेव्हा खाँसाहेबांच्या गळ्याचे आणि कानाचे साहाय्य त्यांना घ्यावेसे वाटले. १९३७ मध्ये दक्षिणेतील प्रवासात खाँसाहेबांचे निधन झाले. त्यांचे दफन मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात करण्यात आले. दरवर्षी उरुसाच्या वेळी तेथे संगीतसभा होते आणि देशभरातील कलावंत सेवा म्हणून हजेरी लावतात. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल ही पुढची परंपरा सर्वांना ठाऊक आहे.

असा गायक गल्लीत येऊन बसला, तंबोरा मांडीवर घेतला आणि 'अजून बोलत नाही' एवढेच म्हणाला, तर कारागिराला पुन्हा कानस उचलावी लागते. गाणाऱ्याचा कान आणि घडवणाऱ्याचा कान अशा रीतीने एकमेकांना धार लावत राहिले.

शेतापासून दुकानापर्यंत

परीक्षेत शून्य गुण मिळाले की 'भोपळा मिळाला' असे मराठीत म्हणतात. सतारमेकर गल्लीत मात्र भोपळा हेच भांडवल आहे. भाजीचा भोपळा वेगळा आणि हा वेगळा. हा कडू असतो, त्याची साल जाड असते आणि तो वाळला की लाकडासारखा कठीण होतो. सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढा या भागात काही शेतकरी हे पीक घेतात. फळ वेलीवरच पूर्ण पिकावे लागते. ते कोवळे असताना तोडले तर वाळताना सुरकुतते. चांगला भोपळा निवडणे ही पहिली परीक्षा होय. कारागीर त्याचा घेर पाहतो, गोलाई पाहतो, सालीवर बोटाने टिचकी मारतो आणि आवाजावरून तिची जाडी ओळखतो. त्याच्या कानाचे काम येथूनच सुरू होते.

आणलेले भोपळे माळ्यावर रचून ठेवतात. ते महिनोन्‌महिने, पुष्कळदा काही वर्षे तसेच राहतात. पूर्ण वाळलेला भोपळा कापून पाण्यात भिजत घालतात. साल नरम झाली की आतील गर आणि बिया काढून टाकतात, तोंड काठ्यांच्या आधाराने हवे तसे रुंदावतात आणि पुन्हा वाळवतात. त्यानंतर लाकडाचे काम. दांडी, गळा आणि भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली यांसाठी तूण या झाडाचे तांबूस लाकूड वापरतात. ते हलके असून आवाजाला चांगले असते. वाकस, पटाशी, रंधा आणि कानस या हत्यारांनी दांडी आतून पोकळ केली जाते. सरस लावून भाग जोडले जातात. भोपळा आणि गळा यांच्या सांध्यावर लाकडात कोरलेली पाने बसवतात. ही पाने केवळ शोभेची वाटतात, परंतु सांधा झाकण्याचे व त्याला बळकटी देण्याचे कामही ती करतात. मग नक्षी आणि शेवटी लाखेचे पॉलिश. पुरुष गायकाचा तंबोरा सुमारे पाच फूट उंचीचा असतो, तर स्त्रियांच्या वरच्या पट्टीसाठी केलेला त्याहून थोडा लहान.

एवढे सगळे झाले, तारा चढवल्या, तरी हाती जे येते त्याला मिरजेतील जाणता माणूस तंबोरा म्हणणार नाही. तो म्हणेल, अजून जवारी व्हायची आहे.

जवारी

तंबोऱ्याला सामान्यतः चार तारा असतात. पहिली पंचमाची. रागात पंचम नसेल तर ती मध्यमावर किंवा निषादावर लावतात. मधल्या दोन षड्जाच्या. त्यांना जोडाच्या तारा म्हणतात. चौथी पितळी तार खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातील षड्जाची. गायनाच्या मागे हे चार स्वर अखंड झंकारत राहतात. तंबोऱ्यावर राग वाजवायचा नसतो. गायकाला सुराची भूमी मिळवून देणे हेच त्याचे कार्य होय.

या तारा तबलीवरील एका लहान पुलावरून जातात. त्याला घोडी म्हणतात. व्हायोलिनसारख्या वाद्यात हा पूल वर निमुळता असतो आणि तार त्याला एका रेषेवर स्पर्श करते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते. तिचा माथा सपाट दिसतो, परंतु तो अतिशय किंचित उतरता असतो. तार छेडली की ती या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. त्यातून मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर उमलतात. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवलेला असतो. तो तसूभर पुढे-मागे केला तर बंद वाटणारा आवाज एकाएकी उघडतो. चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यात खर्जाची तार छेडली असता, कोणीही न लावलेला गंधार आपोआप ऐकू येतो. प्रथमच ऐकणाऱ्याला हा चमत्कार वाटतो.

शास्त्रज्ञांनाही या घोडीचे कुतूहल वाटले. १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यापूर्वी, १९२१ मध्ये, भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूशी निगडित असलेले काही उपस्वर उमटू नयेत, असा ध्वनिशास्त्राचा परिचित नियम होता. तंबोरा आणि वीणा यांत ते उपस्वर स्पष्टपणे उमटतात, आणि याचे कारण घोडीच्या विशिष्ट रचनेत आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

नियम समजला म्हणून जवारी करता येते, असे मात्र नाही. कारागीर तार बाजूला करतो, घोडीच्या माथ्यावरून कानस एक-दोन वेळा फिरवतो, तार पुन्हा बसवतो आणि छेडतो. ऐकतो. पुन्हा तार काढतो. हे किती वेळा करावे लागेल याचा नियम नाही. एक हात जास्त पडला तर आवाज फाटतो आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. चारही तारांची जवारी एकमेकींशी जुळावी लागते. शिवाय ग्राहकागणिक आवड निराळी. कोणाला झंकारणारी खुली जवारी हवी, कोणाला मिटलेली बंद, तर कोणाला या दोहोंच्या मधली गोल. गायकाचा आवाज ऐकल्यावर त्याला कोणती शोभेल हे कारागिराने ओळखायचे असते. आवाजाचे माप सांगणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत, तरीही जवारी 'झाली' हे ठरवताना मिरजेत कानावाचून दुसरे साधन मानले जात नाही.

थांबा आणि विचार करा. तुमच्या घरात किंवा परिसरात असे कोणते काम आहे, जे शब्दांत सांगून कळत नाही, जवळ बसूनच शिकावे लागते? भाकरी थापणे, मडके घडवणे, जनावराच्या चालण्यावरून त्याचे दुखणे ओळखणे, अशी कितीतरी कामे आठवतील. ते काम तुम्हाला येत असेल, तर ते कोणाकडून आणि कसे आले, हे आठ-दहा वाक्यांत लिहा.

शिकवल्यावाचून शिकणे

सतारमेकरांच्या घरात शिकवणीचा असा तास नसतो. घराला लागूनच कारखाना, किंबहुना घराचाच पुढचा भाग कारखाना. रांगणारे मूल लाकडाच्या भुशात खेळते आणि दिवसभर तारांचा आवाज त्याच्या कानावर पडत असतो. घरातली बोली दख्खनी, दुकानातली भाषा मराठी, आणि गायकांशी बोलताना षड्ज, पंचम, गंधार हे संस्कृत शब्द. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापर्यंत हे तिन्ही त्याच्या जिभेवर बसलेले असतात. 'हा सूर चढला' हे वाक्य त्याला कोणी समजावून सांगत नाही.

शाळा सुटल्यावर मुलगा सरस तापवायला, पॉलिशपेपर घासायला, हत्यारे हाताशी द्यायला बसतो. काही वर्षांनी खुंट्या कोरणे, मग नक्षी, मग दांडीचे काम. घोडीला हात लावण्याची परवानगी फार उशिरा मिळते. त्याआधी वर्षानुवर्षे त्याने एकच काम केलेले असते. वडील किंवा आजोबा जवारी करत असताना तो समोर बसून ऐकतो. त्यांनी कानस कधी थांबवली, हे पाहतो. थांबले म्हणजे आवाज लागला, एवढाच धडा. हळूहळू वडील थांबण्यापूर्वीच त्याला कळू लागते की आता ते थांबतील. ज्या दिवशी हे कळते, त्या दिवशी वारसा पोहोचला असे म्हणायला हरकत नाही. त्यासाठी कोणताही समारंभ होत नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत, आणि त्या झाकून ठेवण्याचे कारण नाही. जे लिहून ठेवलेले नसते, ते एका माणसाबरोबर नाहीसे होऊ शकते. घरातच शिकवण्याच्या रीतीमुळे बाहेरच्या होतकरू मुलाला हे काम शिकणे कठीण जाते. कारागिरी बहुधा मुलाकडे जाते. त्याच घरात वाढलेल्या, तोच आवाज ऐकलेल्या मुलीचा कानही तितकाच तयार झालेला असतो, हे परंपरेने फारसे विचारात घेतलेले नाही.

बदलते साहित्य, बदलता ग्राहक

परंपरा म्हणजे जसेच्या तसे करणे, अशी समजूत अनेकदा असते. मिरजेची वाद्ये पाहिली तर ती टिकत नाही. पूर्वी घोडीसाठी आणि नक्षीसाठी हस्तिदंत व सांबरशिंग वापरले जाई. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील पुढील दुरुस्त्या यांमुळे ते बंद झाले, आणि ते योग्यच झाले. त्यांची जागा आता उंटाचे हाड, शिसवासारखी कठीण लाकडे आणि कृत्रिम पदार्थ यांनी घेतली आहे. प्रत्येक पदार्थ निराळ्या रीतीने झिजतो, त्यामुळे कानसेचा हातही पुन्हा शिकावा लागला. विमानाने जाणाऱ्या कलावंतांसाठी लहान, सहज नेता येतील असे तंबोरे बनू लागले. लाकूड, आकार, हत्यारे यांत बदल होत गेले. कानाच्या कसोटीत मात्र कोणी सूट मागितली नाही.

खरे आव्हान आले ते वेगळ्याच दिशेने. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. कळ दाबली की हव्या त्या पट्टीत सूर सुरू होतो. तो उन्हापावसाने उतरत नाही आणि तारा तुटण्याचे भय नाही. पुढे तोच आवाज मोबाईल फोनवर आला. वसतिगृहात राहणाऱ्या, लहान खोलीत रियाझ करणाऱ्या विद्यार्थ्याला या पेटीने मोठाच आधार दिला. ज्याला तंबोरा विकत घेणे परवडत नव्हते, त्यालाही गाणे शिकता आले. तेव्हा या यंत्राला नावे ठेवणे अन्यायाचे होईल.

पण त्याचा एक परिणाम सहजासहजी दिसत नाही. तंबोरा लावता लावता विद्यार्थ्याचा कान तयार होत असे. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, दोरा हलवायचा, दोन जोड एकमेकांत विरघळेपर्यंत ऐकत राहायचे, हाच गाण्याचा पहिला पाठ होता. पेटीने तो पाठ अनावश्यक केला. ज्याने स्वतः तंबोरा कधी लावलेला नाही, त्याला चांगली आणि साधारण जवारी यांतील फरक कळणे अवघड. असा ग्राहक दुकानात आला तर तो नक्षी पाहील, पॉलिश पाहील आणि किंमत विचारील. 'अजून बोलत नाही' असे तो म्हणणार नाही. कारागिराचा कान ज्या दुसऱ्या कानावर घासून धारदार राहत होता, तोच दूर गेला, तर घराण्यात मुले असूनही वारसा बोथट होऊ शकतो. या परंपरेपुढील हा धोका मुलांनी व्यवसाय सोडण्याच्या धोक्यापेक्षा कमी नाही.

मुले व्यवसाय सोडतात हेही खरेच. एका तंबोऱ्यामागे काही आठवड्यांचे श्रम असतात आणि मिळकतीची निश्चिती नसते. नोकरीत दर महिन्याला पगार मिळतो. शिकलेल्या मुलाने दुसरी वाट धरली, तर त्याला दोष देता येणार नाही. फरीदसाहेबांनीही पोटासाठी वाट बदललीच होती. फरक एवढाच की त्यांनी आपल्या हातातील ज्ञान नव्या कामात नेले. आजच्या मुलाला ते नेता येईल असे काम सापडते का, हा प्रश्न आहे. काहींना ते सापडलेही आहे. दुकानाचे छायाचित्र आणि वाद्याचा आवाज इंटरनेटवरून दूरदेशीच्या ग्राहकापर्यंत पोहोचवणे, परदेशातून दुरुस्तीसाठी आलेली वाद्ये घेणे, अशा मार्गांनी नवी पिढी जुन्या धंद्याला जोडून राहिली आहे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एखादी वस्तू विशिष्ट प्रदेशाच्या नावाने प्रसिद्ध असेल, तर ते नाव इतरांनी वापरू नये यासाठी १९९९ च्या कायद्यान्वये हे संरक्षण दिले जाते. पैठणचे वा येवल्याचे वस्त्र, कोल्हापूरची चप्पल यांसारख्या वस्तूंच्या पंक्तीत मिरजेची वाद्ये जाऊन बसली. दुसऱ्या गावी बनलेले वाद्य 'मिरजेचे' म्हणून विकण्याला त्यामुळे आळा बसू शकेल. मानांकनाची नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. नावाचे रक्षण कायदा करू शकतो. घोडीवर कानस किती फिरवावी, हे त्या नोंदणीत लिहिता आलेले नाही.

तंबोरा एकदा विकला की घराशी त्याचा संबंध संपत नाही. रोज वाजणाऱ्या वाद्याच्या तारा घोडीला झिजवतात, तिच्यावर बारीक चरे पडतात आणि आवाज मिटत जातो. मग ते वाद्य कापडात गुंडाळून पुन्हा मिरजेला येते. कित्येकदा आजोबांनी घडवलेला तंबोरा नातवाच्या हाती पडतो. अशा वेळी नातू प्रथम जुन्या तारांवरच तो छेडून पाहतो. झिजेखाली दबलेला मूळ आवाज कसा असेल याचा अंदाज घेतो आणि मगच तार बाजूला करतो.

दुकानांच्या माळ्यांवर दर हंगामात नवे भोपळे चढतात. आज टिचकी मारून निवडलेला भोपळा वाळून कापण्याजोगा होईल, तोवर शाळेतून येऊन सरस तापवणारा मुलगा दांडीच्या कामापर्यंत पोहोचलेला असेल, किंवा दुसऱ्या शहरात नोकरीला लागलेला असेल. भोपळे निवडताना त्याला बरोबर नेतात. टिचकी मारायला सांगतात, आणि कोणता ठेवायचा हे आधी त्यालाच विचारतात.